आमच्या गावाने पाहिलेला पिक्चर

आमच्या मॅडमनी दिलेला प्रकल्प ऐकायला सोपा होता. लहानपणी पाहिलेला एक सिनेमा आठवायचा. तो परत न पाहता, कुणाला न विचारता, आठवतो तसा कागदावर लिहून मॅडमकडे द्यायचा. मग तो सिनेमा पुन्हा पाहायचा आणि दोन्हींत काय फरक पडला ते वर्गासमोर मांडायचं. माणूस पाहतो काय आणि जपून ठेवतो काय, हे त्यांना आमच्याकडून ऐकायचं होतं.

मी नांदेडला शिकते. गाव रेणापूरपासून थोडं आत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे प्रकल्प म्हटलं की मला अजून धडधडतं. पण हा प्रकल्प ऐकून मला बरं वाटलं, कारण माझ्याकडे एक सिनेमा अगदी तयार होता.

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी दुसरीत होते. गावात केबल होती. केबलवाले काका रविवारी दुपारी स्वतःच्या चॅनलवर सीडी लावून पिक्चर दाखवायचे. बहुतेक पिक्चर मला मारामारीच्या आवाजापुरते आठवतात. एकच पिक्चर मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवतो. परदेशी होता, हिंदीत बोलणारा. त्याचं नाव मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. गावात त्याला ‘कंदीलवाला पिक्चर’ म्हणत.

मी कागदावर लिहिलं ते थोडक्यात असं. एक मुलगी एकटीच डोंगरातल्या पायऱ्या चढतेय. तिच्या हातात कंदील आहे आणि कंदिलात एकच ज्योत उरली आहे. ती ज्योत विझली की मुलगी संपली, असं एक म्हातारा तिला सांगतो. तिच्या खिशात फडक्यात बांधलेला एक पांढरा खडा आहे. ती तो मधूनमधून हातात घेते आणि कपाळाला लावते. पायऱ्यांवर दारं आहेत, प्रत्येक दाराला वेगळं कुलूप, आणि ती कुलपं उघडण्यात हुशार आहे. शेवटचं दार उघडतं आणि पडदाभर उजेड होतो. मग मध्यंतर. मध्यंतरानंतर ती आपल्या घरी पोचलेली असते. अंगणात ऊन, बाप कुलपं घडवतोय, भाऊ हसतोय, आणि तिच्या कंदिलात आता तीन ज्योती आहेत. म्हणजे कष्ट करून तिने आणखी दोन आयुष्यं कमावली. शेवटी बहीणभाऊ नावेत बसून भाकरी खातात, कशावरून तरी खूप हसतात, आणि त्या हसण्यावरच चित्र थांबतं.

मला हा शेवट फार आवडायचा. खरं तर आमच्या सगळ्या गल्लीला आवडायचा.

मॅडमनी काही कागद नाव न सांगता वर्गात वाचून दाखवले. माझा वाचायला घेतला तेव्हा मी मान खाली घातली. वाचून संपत आला असेल, तेवढ्यात मागून एक मुलगा हसला. तो नांदेडचाच, वर्गात सगळ्यात जास्त सिनेमे पाहिलेला.

“मॅडम, हा पिक्चर मी सात-आठ वेळा बघितलाय. एका व्हिडिओ गेमवरून काढलाय, तो गेम पण मी खेळतो. ही स्टोरी उलटी आहे. घर सुरुवातीला येतं, दार शेवटी. आणि तिला तीनच जीव असतात, ते कमी होत जातात. गेममध्ये जीव वाढतात का कधी?”

“एखाद्याच्या आठवणीत मागेपुढे होऊ शकतं,” मॅडम म्हणाल्या.

“मागेपुढे ठीक आहे मॅडम, हे तर डोक्यावर उभं केलंय. ज्यानं लिहिलं त्यानं पाहिलेला नाही. कुठंतरी तुकडे बघून जुळवलंय.”

वर्ग हसला. कुणाचा कागद ते कुणाला ठाऊक नव्हतं, पण माझे कान इतके तापले होते की ते सगळ्यांना दिसत असणार असं मला वाटलं.

तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं. “हा सिनेमा तू पाहिला होतास ना?”

“हो मॅडम.”

“नक्की?”

एवढा एकच शब्द मला म्हणायचा होता, पण तोंडातून आलं, “मला वाटतं.”

ही माझी जुनी सवय. कुणी जरा रोखून विचारलं की माझं खरंही डळमळायला लागतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “येत्या गुरुवारी तुझा नंबर. काय झालं ते शोधून आण. पाहिला नसशील तरी चालेल, पण मग तसं स्पष्ट सांग.”

म्हणजे गुरुवारपर्यंत मला ठरवायचं होतं की मी खोटं बोलले होते की नाही. दुसऱ्यांना पटवणं पुढची गोष्ट. आधी मलाच ते माहीत करून घ्यायचं होतं.

त्याच दिवशी दुपारी हॉस्टेलवर मैत्रिणीच्या लॅपटॉपवर मी तो सिनेमा लावला. मैत्रीण हिमायतनगरकडची आहे. ती खाटेवर पालथी पडून शेजारी पाहत होती. पहिल्या पाच मिनिटांतच मी लॅपटॉप जवळ ओढला. अंगण, ऊन, कुलपं घडवणारा बाप, तीन ज्योती. ती सगळी माझीच चित्रं होती, पण ती शेवटची चित्रं होती आणि इथे सुरुवातीलाच आली होती. त्यावर सिनेमाचं नाव उमटलं.

“बघ, तो पोरगा बरोबर बोलला,” मैत्रीण म्हणाली. “तुमच्या गावात पिक्चर शीर्षासन करतेत का काय?”

बहीणभाऊ नावेत बसले. त्यांनी भाकरी काढली. ते हसायला लागले. मी चित्र थांबण्याची वाट पाहत होते. ते थांबलं नाही. नाव पुढे गेली. पुढे खाऱ्या पाण्याचं तळं होतं. भावाने पाण्यात हात घातला आणि बोटांपासून वरपर्यंत तो पांढरा होत गेला, अख्खा मिठाचा झाला. बहिणीने त्याला धरायला हात पुढे केला तर त्याच्या खांद्याचा एक तुकडा तिच्या हातात आला. तो तिने फडक्यात बांधला.

मी लॅपटॉप बंद केला.

तो पांढरा खडा! इतकी वर्षं मला तो खडा माहीत होता, पण तो कशाचा आहे हे आमच्या पिक्चरमध्ये कुणी सांगितलंच नव्हतं. लहानपणी मी आईला विचारलं होतं. आई लगेच म्हणाली होती, “मिठाचा हाय. पोरगी एवढ्या लांब जायली म्हनून तिच्या आईनं दिला असंल, दृष्ट लागू नये म्हनून.” आमच्याकडे मीठमोहरीने दृष्ट काढतातच, त्यामुळे मला ते पटलं. पुढे मी नांदेडला यायला निघाले तेव्हा आईने माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात फडक्यात बांधून एक खडा ठेवला. “त्या कंदीलवालीसारखं,” ती म्हणाली होती. तो अजून तिथेच आहे.

जरा वेळाने मी लॅपटॉप परत उघडला आणि उरलेला सिनेमा पाहिला. पायऱ्या, म्हातारा, शेवटची ज्योत, दार, उजेड. त्यानंतर इंग्रजी नावं वर सरकायला लागली, आणि मला एकदम आठवलं. ही नावं मी तेव्हाही पाहिली होती, पण मधेच. नावं सरकली, मग रेणापूरच्या एका कापड दुकानाची जाहिरात लागली, मग अंगण आलं. नावं म्हणजे मध्यंतर, असं आम्ही धरून चाललो होतो. मी सिनेमा पाहिला होता, एवढं आता मला माझ्यापुरतं कळलं. तो उलटा कसा झाला ते मात्र कळेना.

भाऊ माझ्यापेक्षा मोठा, पुण्याला कंपनीत आहे. त्याला फोन केला.

“कंदील होता बघ एक,” तो म्हणाला. “बाकी काय आठवत नाही. तू स्वप्न बघितलं असशील. तू लहानपणी झोपेत लई बडबडायचीस.”

त्याने गमतीत म्हटलं, पण फोन ठेवल्यावर मी परत ‘मला वाटतं’पाशी येऊन पोचले. शनिवारी सकाळी मी लातूरची एसटी धरली.

लोहा, अहमदपूर, चाकूर. या रस्त्यावर मी नेहमी झोपते. त्या दिवशी झोपले नाही. खिडकीतून हरभऱ्याची शेतं दिसत होती आणि मी मनात दोन्ही सिनेमे एकापुढे एक लावून पाहत होते. नवल वाटत होतं ते याचं, की आमचा उलटा पिक्चर कुठेच तुटत नव्हता. शेवटचं दार उघडतं, उजेड होतो आणि त्या उजेडातून घराचं अंगण येतं. कुणी मुद्दाम बसून जोडलं असतं तरी इतकं नीट जुळलं नसतं. ज्योती मात्र खऱ्या सिनेमात एकामागून एक विझत जात होत्या. आम्ही समजत होतो की माणूस झिजला की त्याला जीव जोडून मिळतात. एका गावाने इतकी वर्षं हे धरून ठेवलं आणि कुणाला काही खटकलं नाही, हे कसं?

लातूरला गाडी बदलून दुपारी घरी पोचले. आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

“मधीच कशी गं आलीस माय? बरी हायस न्हवं?”

“बरी आहे. कॉलेजचं काम आहे. तो कंदीलवाला पिक्चर तुला आठवतो का?”

“त्याला काय न आठवायला झालं?” आईने शेंगा सोलता सोलता विचारलं. “पर कालिजात पिक्चर शिकवायलेत का आता?”

मी फोन काढला. “तू सांग, मी रेकॉर्ड करते.”

“कर की. नीट बोलू, का आसंच?”

“असंच बोल.”

आईने सांगायला सुरुवात केली. मी एक शब्द मधे घातला नाही. ती पायऱ्यांपासून सुरू झाली. एकच ज्योत, म्हातारा, दारं, उजेड, मग घर, मग तीन ज्योती, मग नाव. माझ्या कागदावर होतं तसं सगळं, त्याच क्रमाने, आणि माझ्यापेक्षा जास्त. म्हाताऱ्याचा एक डोळा बारीक होता हे मी विसरले होते. “आन शेवटाला,” आई म्हणाली, “दोघं भन भाऊ भाकर खात खात हसायलेत, हसायलेत, आन तसंच थांबलं. जुन्या पिक्चरात थांबायचं बघ, तसं. मी तुझ्या बापूला म्हनले, बघा, आसा शेवट पायजे. न्हाई तर तुमचे पिक्चर, सगळे मरून जातेत आन मंग पोलीस येतेत.”

रेकॉर्डिंग बंद करून मी तिला खरं काय ते अजून सांगितलं नाही. आधी केबलवाल्या काकांकडे गेले.

काकांची केबल कधीच बंद झाली. ज्या खोलीत यंत्रं होती तिथे आता ते लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देतात, सातबारा काढून देतात. मागच्या फळीवर जुन्या सीड्यांचा ढीग अजून आहे, धुळीसकट.

“या, कालिजवाल्या बाई! स्कॉलरशिपचा फारम का?”

“नाही काका. तुम्ही एक पिक्चर लावला होता, कंदीलवाला. तो तुम्ही उलटा लावला होता का?”

काकांचा हात माऊसवरच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. “तुला कोन सांगितलं?”

“कुणी नाही. मी तो आत्ता पुन्हा पाहिला.”

“आता इतक्या वर्सांनी केस करतीस का काय माझ्यावर?” म्हणाले आणि जोरात हसले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून त्यांनी सांगितलं.

ओढ्यापलीकडच्या गावात त्यांच्या मेव्हण्याची केबल होती. दोघांत मिळून पिक्चरचा एकच संच आणायचे. एका पिक्चरच्या सीड्या दोन. आमच्या गावात लाईट आधी यायची म्हणून पहिली सीडी इथे आधी लागायची, ती संपली की काका गाडीवर निघायचे, मेव्हणा तिकडून निघायचा, ओढ्याच्या पुलावर भेटायचे आणि सीडी हातात द्यायचे. तिकडचा पिक्चर आमच्यापेक्षा दीड तास मागून सुरू व्हायचा. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

“पर त्या महिन्यात लोडशेडिंगचं टाइमटेबल बदललं,” काका म्हणाले. “दोन्ही गावाला लाईट एकाच टायमाला, बारा ते तीन. मागूनपुढं करायला जागाच राहिली न्हाई. दोघांला बी बाराला सुरू करायचं. गावं दोन, सीड्या दोन. मंग काय करनार? एकानं पहिली लावायची, एकानं दुसरी, आन मधी पुलावर बदलायची.”

“मग पहिली सीडी तिकडं का दिली? ती तर नेहमी आपल्याकडे आधी लागायची.”

“आगं, सासुरवाडी हाय ती माझी!” काका म्हणाले, जणू मी फारच अडाण्यासारखं विचारलं होतं. “पहिला मान तिकडं द्यावा लागतोय. आपन आधी जेवायचं आन सासुरवाडीला मागचं ताट द्यायचं, हे बरं दिसतंय का? तुझ्या काकीनं मला जेवू घातलं आसतं का मंग?”

आतून काकीचा आवाज आला. “म्हंजे आजपतूर उपाशीच ठिवलंय का मी?”

“बघ,” काका हळूच म्हणाले. “आजून बी ऐकायली.”

मी विचारलं, “पण उलटा लावल्यावर कुणी काही म्हटलं नाही?”

“मी तर वाट बघायलो होतो, आता फोन येतील, आता येतील. परदेशी पिक्चर, त्याला काय मागं आन काय पुढं, आसं म्हनून मी लावला होता, पर भ्या वाटायलंच होतं. आन वर ती पहिली सीडी पुलावरून आनताना घासली. त्या नावेतल्या दोघांचे त्वांडच अडकले. हालंना. चौकोन पडले सगळे. मी म्हनलं, मेलो आता. मशीन बंद करून भाईर आलो तर मानसं आपापल्या दारात उभी. म्हनायलीत, लई भारी शेवट केलाय. मंग मी बी म्हनलं, आसंल.”

“तुम्हाला स्वतःला कळलं नाही का, की हे जुळतंय कसं?”

“मी कुठं बघितला?” काका म्हणाले. “मधल्या टायमाला मी पुलावर. आल्यावर मशीनपाशी. आगं, मी इतके पिक्चर दाखवले, पर एक बी पुरा बघितला न्हाई. सगळ्यांचं मधलं गेलं माझं.”

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मग उठून फळीवरचा ढीग उपसायला लागले. बऱ्याच वेळाने एक प्लॅस्टिकचं कव्हर सापडलं. वर कंदील, आत एकच सीडी. तिच्यावर निळ्या पेनाने ‘२’ लिहिलेलं होतं. “मागून परत बदलल्या, तवा पहिली तिकडंच राहिली,” ते म्हणाले. “घिऊन जा. दाखव तुझ्या मॅडमला. पर माझं नाव सांगू नको.”

रविवारी दुपारी मी आईला ओसरीवर बसवून फोनवर खरा पिक्चर दाखवला. न दाखवता परत जावं असंही मनात आलं होतं. तिचा आवडता शेवट मी कशाला मोडायचा? पण वर्गात तिचा आवाज लावायचा तर तिला सगळं माहीत असायला हवं होतं, वर्गातला तो मुलगा काय म्हणाला तेसुद्धा. नाहीतर मी तिलाच फसवल्यासारखं झालं असतं.

ती पाहत होती. सुरुवातीला “हे तर शेवटाचं हाय,” म्हणून दोनदा मला सांगितलं. नाव आली, पुढे गेली, भावाने पाण्यात हात घातला. आईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“म्हंजे तो खडा…” ती म्हणाली.

“हाव.”

“आन मी तुझ्या पिशवीत घातला की तसला. दृष्टीसाठी म्हनून. तिच्या आईनं दिला तसा.”

“आई, या पिक्चरमध्ये तिला आईच नाही. मी नीट पाहिलं.”

“न्हाई?” आई खरंच विचारात पडली. “मंग मी कुठून आनली तिला?”

आम्ही दोघी हसायला लागलो. मग तिने पुढचं सगळं मुकाट्याने पाहिलं, पायऱ्या, म्हाताऱ्याचा बारीक डोळा, शेवटची ज्योत. दार उघडून उजेड झाला आणि नावं सरकायला लागली तशी ती फोनच्या अजून जवळ सरकली. अंगण येईल म्हणून असावं. नावं संपली, पडदा काळा झाला.

“हे बी बरंय,” ती जरा थांबून म्हणाली. “पर त्यांनी दार उघडून सोडून दिलं. आपल्याला घरापतूर आनलं होतं.”

गुरुवारी वर्गात उभी राहिले तेव्हा हातात ती ‘२’ लिहिलेली सीडी होती आणि फोनमध्ये आईचा आवाज. सीडीचं सोपं होतं. काका, मेव्हणा, पूल, लोडशेडिंग हे मी सांगत गेले तसा वर्ग ऐकायला लागला. सासुरवाडीच्या मानाशी आल्यावर मॅडमसुद्धा हसल्या. पण मागच्या बाकावरून तो मुलगा म्हणाला, “गोष्ट भारी आहे. पण एक सीडी कुणाकडेही असू शकते. तुम्ही तेव्हा खरंच असाच पाहिला याला पुरावा काय?”

तो चिडवत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि त्याच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं. तरी माझा अंगठा फोनवर थांबून राहिला. दोन वर्षं मी वर्गात जपून जपून बोलत आले आहे. ‘न्हाई’ तोंडात आलं तर गिळून ‘नाही’ म्हणते. आता त्याच वर्गात मला आईला बोलू द्यायचं होतं, ती बोलते तसं. ते हसतील का, हसले तर कशाला हसतील, हे मला सांगता येत नव्हतं. आणि न लावावं तर माझा शब्द तिथेच राहत होता, अर्धवट.

मी आवाज लावला.

आई पायऱ्यांपासून सुरू झाली. पहिल्या ‘हाय’ला कुणीतरी खुदकन हसलं. मग थांबलं. म्हाताऱ्याच्या बारीक डोळ्याशी त्या मुलाने मान हलवली, कारण ते खरं होतं आणि माझ्या कागदावर नव्हतं. “सगळे मरून जातेत आन मंग पोलीस येतेत” याला अख्खा वर्ग हसला, आणि ते हसणं आईच्या बाजूचं होतं. मला ते लगेच कळलं.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी मिठाच्या खड्याचं सांगितलं, शेवटच्या दारापाशीही तो तिच्या हातात असतो ते, आईने तो कशासाठीचा मानला होता आणि माझ्या पिशवीत काय ठेवलं होतं ते. तो मुलगा उभा राहिला.

“गेममध्ये पण तो खडा असतो,” तो म्हणाला. “तळ्यापाशी मिळतो. आपल्या पिशवीत थोडीच जागा असते, आणि तो एक जागा अडवून बसतो. शेवटपर्यंत काही कामाला येत नाही. मी दर वेळी टाकून देतो.” मग जरा थांबून, “पिक्चरमध्ये शेवटच्या दारापाशी तो तिच्या हातात असतो, हे सात-आठ वेळा बघून पण मला आठवत नाही. खरंच असतो का?”

“असतो,” मी म्हणाले. “एका हातात कंदील, एका हातात तो.”

मॅडमनी माझा पहिला कागद पुढे केला. “तर आता सांग. हा सिनेमा तू पाहिला होतास?”

“हो मॅडम.”

“नक्की?”

“नक्की,” मी म्हणाले. “फक्त दुसरी सीडी आधी.”

संध्याकाळी आईचा फोन आला. तिला एवढंच विचारायचं होतं, “बसला का गं त्यांचा इस्वास?”

“बसला. तुझा आवाज सगळ्यांनी ऐकला.”

“बया! आन त्यो पोरगा? त्यो काय म्हनला?”

मी तिला गेममधल्या पिशवीचं सांगितलं, जागा कमी असते म्हणून तो दर वेळी खडा टाकून देतो ते.

“त्याला म्हनावं,” मग ती म्हणाली, “एक डाव तरी ठिवून बघ.”